लिफ्टच्या नळ्यांचं घड्याळ

आमच्या ताई, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, लिफ्ट दुरुस्त करतात. राहतात आमच्याच घरात, मागच्या खोलीत. तिथला केर काढायचा तर आधी खाली बसून स्क्रू वेचावे लागतात. मी घरी शिवणकाम करते आणि हे सुतार. तिघांचाही पसारा एकसारखाच, त्यामुळे कुणी कुणाला बोलायची सोय नाही.

एका संध्याकाळी ताई कामावरून आल्या त्या तान्हं मूल धरावं तशी एक पिशवी छातीशी धरून. एका जुन्या कचेरीतल्या लिफ्ट बदलायचं काम चालू होतं आणि जुनी बटणं भंगारात निघाली होती. ती बटणं दाबायची नव्हती. नुसतं बोट टेकवलं की आतली नळी पेटायची, नारिंगी, आणि लिफ्ट येईपर्यंत पेटलेली राहायची. ताई नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्यांदा त्याच इमारतीत गेल्या होत्या. बटणाला हात लावल्यावर काचेत विस्तव जागा झाला आणि आपण दोन पावलं मागे सरकलो, असं त्या सांगत. त्यांच्या मनातून ती गोष्ट कधी गेलीच नाही.

पिशवीत त्या नळ्या होत्या. करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या, आत बारीक तारा आणि डोळ्याला न दिसणारा निऑन वायू. ट्रिगर ट्यूब म्हणतात त्यांना. एका तारेला जरासा विजेचा धक्का लागला की सगळा वायू पेटतो, आणि एकदा पेटला की वीज तोडेपर्यंत विझत नाही.

"ह्या नळ्यांचं करणार काय?" मी विचारलं.

"घड्याळ," ताई म्हणाल्या. "आजवर माणसांनी ह्यांना बोट लावलं. आता एका नळीनं दुसरीला लावायचं."

मला तेव्हा काही कळलं नाही.

पुढचे काही महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस मागच्या खोलीत गेला. ताईंनी मला समजेल असं समजावलं होतं. नळ्या गोलात बसवायच्या. गोलात एका वेळी एकच पेटलेली. विजेचा ठोका आला की ती शेजारणीला पेटवणार, आणि शेजारीण पेटली की तिच्याच झटक्यानं मागची विझणार. घरात येणारी वीज सेकंदाला ठरलेले हेलकावे खाते, ते मागच्या नळ्यांनी मोजायचे आणि दर सेकंदाला पुढच्या गोलाला एक ठोका द्यायचा. दहा सेकंदांचा एक गोल, आणि त्याच्या फेऱ्या मोजणारा सहा नळ्यांचा दुसरा; असे साठ सेकंद पुरे झाले की मिनिटांना ठोका, तशीच साठ मिनिटं पुरी झाली की तासांना. ना काटा, ना चाक. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाजारात घड्याळं मिळतात. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हे गुपचूप रंधा मारायला निघून गेले.

पहिला गोल चालला तो एका सकाळी. ताईंनी हाक मारली म्हणून मी हातात कात्री तशीच घेऊन गेले. टेबलावर दहा नळ्या गोल उभ्या होत्या आणि त्यातली एक पेटलेली होती. मग तिच्या शेजारची पेटली. मग तिच्या शेजारची. उजेड चालत होता. कुणी ढकलत नव्हतं, आवाज नव्हता, काही हलतही नव्हतं, आणि तरी तो एका काचेतून दुसऱ्या काचेत पाऊल टाकत गोल फिरत होता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग जाऊन ह्यांना बोलावलं. हे आले, टेबलाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "ह्याला पेटी मी करणार."

सगळं घड्याळ जोडून झालं तेव्हा ताईंनी ते माझ्या शिलाई मशीनशेजारी, खिडकीपाशी ठेवलं. तारांना हात लागला तर चांगलाच झटका बसला असता, म्हणून वर प्लास्टिकचं पारदर्शक झाकण घातलं. दिवसभर मी शिवत असे आणि ते शेजारी चालत असे. वेळ अगदी बरोबर. रात्री झोपताना ताई ते बंद करत आणि सकाळी पुन्हा वेळ लावून देत. गिऱ्हाईक बायका माप द्यायला येत आणि हात वर करून त्याच्याकडे बघत उभ्या राहत. टेप लावून झाली तरी हात खाली घेत नसत.

इकडे ह्यांनी पेटी केली. जुन्या सागवानाची, मधाच्या रंगाची. आत प्रत्येक नळीला वेगळा कप्पा, एकीचा उजेड दुसरीत मिसळू नये म्हणून, आणि समोर प्रत्येकीपुरतं एक गोल भोक. इतकं नाजूक काम ह्यांनी आमच्या लग्नाच्या कपाटालाही केलं नव्हतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

घड्याळ पेटीत बसवलं आणि बिघडलं.

सेकंद दोन पावलं चालायचा आणि थबकायचा. मध्येच मिनिट तिथेच अडकायचं. बाहेर काढलं की झकास, आत घातलं की पुन्हा तेच. ताईंनी एकूण एक सांधा तपासला, तारा नव्यानं जोडल्या. हे पेटीवरून हात फिरवत तिच्यात काही दोष आहे का ते बघत राहत. लाकडात ओल राहिली असेल, असं एकदा स्वतःशीच म्हणाले. शेवटी ताईंनी पेटी कपाटावर ठेवून दिली आणि घड्याळ पुन्हा माझ्या टेबलावर आणलं. त्या दिवशी त्या फार थकलेल्या दिसल्या.

एका दुपारी मला लोकरीचा कोट कापायचा होता. तंतू उडतात, म्हणून मी अस्तराचं काळं कापड घड्याळाच्या झाकणावरून टाकलं. काम झाल्यावर कोपरा उचलून किती वाजले बघितलं, तर एवढं कापून होईपर्यंत घड्याळ जेमतेम पाच मिनिटं पुढे सरकलेलं. मी कापड काढलं. सेकंद सरळ चालू लागला. पुन्हा टाकून कडेनं डोळा लावला. चालला, चालला, आणि थबकला. कापड वर केलं, निघाला.

ताई घरीच होत्या. मी त्यांना बोलावलं आणि काही न सांगता कापड टाकलं, उचललं, टाकलं. त्यांनी माझ्या हातून कापड घेतलं आणि स्वतः करून पाहिलं. मग लांब वायर लावून आम्ही ते घड्याळ अडगळीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. काळोखात सेकंदाचा नारिंगी ठिपका अडखळत चालला होता. ताईंनी टॉर्च लावला. ठिपका धावू लागला. टॉर्च बंद केला, तो पुन्हा चाचपडू लागला.

"ह्यांना उजेड लागतो," ताई हळूच म्हणाल्या. "पेटायला आधी थोडा उजेड लागतो, वहिनी."

त्या तिथेच एका खोक्यावर बसल्या. उजेड आतल्या धातूवर पडला की तिथून विजेचा एखादा कण सुटतो आणि तो वायूला जागं करतो. काळोखात तसा कण मिळेपर्यंत नळी वाट बघत राहते. हे त्यांनी कधीतरी कुणाकडून ऐकलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. लिफ्टच्या दारापाशी दिवा कायम चालू असतो. इतक्या वर्षांत त्यांनी ह्या नळ्या अंधारात कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या टॉर्च लावत होत्या, विझवत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटतं मीही रडत होते. रडण्यासारखं काहीच नव्हतं.

आता प्रश्न पेटीचा. संध्याकाळी ह्यांना सगळं दाखवून ताई म्हणाल्या, पेटी आहे तशी राहू दे, मी दुसरा काही उपाय बघते. हे उठले, कपाटावरून पेटी काढली आणि आतले कप्पे एकेक करून उचकटून टाकले.

"रंध्या, अरे, नको," ताई म्हणाल्या. लहानपणापासून त्या ह्यांना रंध्याच म्हणतात.

"कप्प्यांनीच तर कोंडलं त्यांना," हे म्हणाले, आणि समोरची भोकांची फळीही कापून काढली. तिथे काच बसवली, मागेही काच. आता नळ्यांना खिडकीचा उजेडही मिळू लागला आणि एकमेकींचाही. संध्याकाळनंतरची सोय म्हणून ताईंनी आत एक जादा, इतरांपेक्षा झगझगीत नळी लावली, कायम पेटलेली, काहीही न मोजणारी.

रविवारी घड्याळ बाहेरच्या खोलीत भिंतीवर चढलं. बाराला थोडाच वेळ होता, म्हणून आम्ही तिघं समोर बसलो. मिनिटांचा उजेड शेवटच्या घराकडे निघाला होता. सेकंद आपल्या टोकाला पोचला, आणि पुढच्या ठोक्याला सगळे गोल एकाच वेळी हलले. सेकंद, मिनिटं, दोन्ही टोकावरून सुरुवातीला उतरली आणि तासाचा उजेड बारावर जाऊन उभा राहिला. एवढं सगळं घडलं आणि आवाज झाला नाही. मला उगीचच वाटलं की बाहेरही काहीतरी बदललं असेल. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता होता तसाच होता.

चूल अजून पेटायची होती. मी उठू लागले तर ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"एकपर्यंत थांबू या का?" हे म्हणाले.

ताईंनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय पसरले. आम्ही थांबलो.