माझ्या नावाची मूठ

मला विसरणं सोपं नाही. पारोळ्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते खोड्यांमुळे. सरपंचाच्या नव्या गाडीवर ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी लावून खाली त्याचाच नंबर टाकणारा मीच. तीन दिवस त्याचा फोन थांबला नव्हता. बावन्न वर्षांचा झालो, तरी हात शिवशिवतात.

म्हणून बेबावहिनीने यंदा माझं नाव गाळलं, तेव्हा मी आधी मनातल्या मनात टाळी वाजवली. वा वहिनी! डाव टाकला!

त्याचं असं आहे, श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढताना भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. हे काम घरातल्या मोठ्या बाईचं. म्हणजे वहिनीचं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं. भाऊ आता नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, मला हिनेच वाढवलं.

“हेमराज... प्रेमराज... सुपडू...” मुठी पडत होत्या. मी अगदी समोर बसलेलो. तिने माझ्याकडे पाहिलं. गव्हात हात तसाच थांबला. मग म्हणाली, “झालं. दळाले न्या.”

सुपडूनाना म्हणाले, “बेबाबाई, हिलाल राह्यना ना!”

“मग तुम्हीच टाका त्याची,” म्हणून ती उठून आत गेली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. “रेडिओचं वसूल केलं रे हिलाल!”

रेडिओचं म्हणजे मागच्या वर्षीची खोडी. मी आवाज बदलून वहिनीला फोन केला होता, “रेडिओवरून बोलतोय, तुमचं भजन रेकॉर्ड करायचंय, स्टँडवर गाडी पाठवतो.” ही नवं लुगडं नेसून, भजनी मंडळाच्या अकरा बायका घेऊन दोन तास स्टँडवर उभी. मग मी ट्रॅक्टर घेऊन गेलो, हातात माईक म्हणून पितळी तांब्या. गाव लोटपोट. वहिनीसुद्धा हसली. पण त्यानंतर ती भजनाला गेली नाही. मंडळात पहिला आवाज तिचा. विचारलं की एकच उत्तर, “दीरवर राग शे.”

त्या दिवशी घरी आलो, पण तो थांबलेला हात डोक्यातून जाईना. मी खोड्या करणारा माणूस, डाव टाकणाऱ्याचा चेहरा मला कळतो. डाव टाकणारा आतून खूश असतो. वहिनी घाबरलेली होती.

मग मी पाळत ठेवली. रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या ओट्यावर जाऊन बसायचो. दूधवाला आला, “भाऊ, अर्धा लिटर.” पुतण्या आला, “ये भाऊ.” पोस्टमन भाऊ, मीही भाऊ. बायका सगळ्या अक्का. आमच्याकडे सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतात, कोणाला संशय येणार? वर्षभर भाऊवर भागतं. कानबाईच्या गव्हाला मात्र नाव घ्यावंच लागतं.

मी सापळा लावला. “वहिनी, पाचोऱ्याचा छगन भेटला होता. तुझी लई आठवण काढत होता.”

“हो का? बरा शे ना तो? पोरं काय करतात त्याची?”

पाचोऱ्यात आमचा कोणी छगन नाही. कधीच नव्हता.

इतका चोख सापळा मी आयुष्यात लावला नसेल, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नाही. रुसली असती तर पाय धरले असते, साडी आणली असती. पण विसरत चालली असेल तर? आणि ते माझ्या खोडीमुळे असेल तर? माफी मागायची ती कोणाकडे?

वहिनीची सून, हेमराजची बायको ज्योती म्हणाली, तिलाही शंका होतीच. ‘कान दाखवायला’ म्हणून आम्ही दोघं वहिनीला धुळ्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, रक्त घेतलं. कान खरंच कमी निघाले. वहिनी बाहेर गेल्यावर मी विचारलं, “साहेब, माझ्या थट्टेने झालं का हे?”

“एका थट्टेने असं होत नाही. स्मरणशक्ती कमी होतेय, सुरुवात वाटते. रक्ताचे रिपोर्ट येऊ द्या, कधीकधी थायरॉइड असतं, बी-बारा कमी असतं. कानाचं मशीन लावा. चालवा, माणसांत बसवा. घरात कोंडून राहणं, उदास राहणं डोक्याला चांगलं नाही.”

“ती वर्षभर कोंडूनच आहे. माझ्यावर रागावून.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कधी उलटंही असतं. घरात बसला म्हणून विसरला असं नाही, विसरायला लागला म्हणून घरात बसला. राग हे कारण बरं पडतं सांगायला.”

मी चमकलो. म्हणजे राग राग करून हिने मलाच वर्षभर गंडवलं की काय?

परतताना ज्योती भाजी घ्यायला उतरली. गाडीत आम्ही दोघंच.

“वहिनी, खरं सांग. रेडिओवरून रागावली होतीस?”

“हो ना. आठ दिवस.”

“आणि बाकीचं वर्ष?”

ती काचेबाहेर बघत म्हणाली, “स्टँडवर उभी होते ना, मनातल्या मनात भजन म्हनून पाह्यलं. दुसरं कडवं येच ना. बठ्ठ्या अकरा बायका मागे उभ्या. गाडी आली नाही ना भाऊ, तर देवाचे पाय धरले मी.”

मला हसावं की रडावं कळेना. “आत्ता माझं नाव येतं?”

“तू कोन शे ते माले माहीत शे. लहानपनी किती झोडेल शे तुले! नाव तेवढं तोंडवर येत नही.”

“हिलाल.”

“हां. तोच हरामखोर.”

जीव असा हलका झाला की मी स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसलो. मग ती म्हणाली, “गावाले नको सांगू.”

“हेमराज-ज्योतीला माहीत असेल, बाकी कोणाला नाही. पण भजनाला यायचं. मी येतो संगे.”

“तू? आनि काय करशील?”

“बोंबलेन.”

आता दर मंगळवारी मी मंडळात वहिनीच्या मागे टाळ घेऊन बसतो. कोणी दारात दिसलं की मोठ्याने, “आल्या का सुंदरबाई! या सुंदरबाई!” वहिनी लगेच, “ये सुंदरबाई, बस.” पहिलं कडवं संपत आलं की दुसऱ्याचे पहिले दोन शब्द मी बेसूर आवाजात आधीच म्हणतो. बायका खेकसतात, “ए हिलाल, गप!” तोवर वहिनी पुढे निघून गेलेली असते. कधी मधेच अडकते, तेव्हा मी टाळ पाडतो.

सुंदरबाईला मात्र संशय आहे. “हे दोघं दीर-भावजय इतके गोड कधीपासून झाले? कसली तरी खोडी शिजतेय यांची.”

तेव्हापासून ती आपल्या चपला दारात काढत नाही. पिशवीत घालून मांडीखाली घेऊन बसते.