कमलमावशीचा घास

समोरचं माणूस रडायला लागलं, की मी लगेच पाणी पुढे करत नाही. ही सवय लागायला मला दोन वर्षं लागली. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. आमच्याकडे कुणाचे डोळे भरले, की तीन घरांतून तांबे यायचे. परळच्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीत शिकत होते, तेव्हा आमच्या सुरुची मॅडम म्हणाल्या, "पाणी दिलंस की त्याला वाटतं, आता आवरायचं. रडू दे. तू नुसती बस."

पुढे परीक्षा झाल्या, दादरला प्रॅक्टिससाठी दोन खोल्यांची जागा झाली. सकाळी पूजा, स्तोत्र आटोपून निघताना देवाला एवढंच मागते, की आज मध्ये बोलायची बुद्धी देऊ नकोस.

गेल्या मार्गशीर्षात नेमकी तीच बुद्धी झाली.

कमलमावशीला तिची मुलगी प्रिती घेऊन आली. मावशी म्हणजे आमच्या पलीकडच्या चाळीतली, आईची मैत्रीण. चाळ पाडली, त्यांना नव्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं, आणि तेव्हापासून मावशीला घास गिळवेना.

"ताई, घशात काही नाही म्हणतात. दुर्बीण घालून बघितलं," प्रिती म्हणाली. "घास तोंडात फिरवत बसते. नऊ किलो उतरली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल."

"नळी घालायला मी काय गाडी आहे?" मावशी म्हणाली.

ओळखीच्या माणसाला घ्यायचं नाही, असा आमचा नियम. मी दुसऱ्या बाईंचं नाव सुचवलं. मावशीने पिशवीच उचलली. "परक्या बाईपुढं काय बोलू? ही आपली सीमी असेल तर बसते, नायतर चालले." शेवटी मी सुरुची मॅडमना विचारलं. त्या आता सत्तरीच्या आहेत, पण अडलं की मी अजून त्यांनाच फोन करते. "घे," त्या म्हणाल्या, "पण दर आठवड्याला मला सांगत जा."

पहिल्या दिवशी प्रिती बाहेर बसली. मावशीने पदर सारखा केला, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचा सम्यक..."

सम्यक तिचा मुलगा. अकरा वर्षांचा असताना काविळीत गेला. मी तेव्हा कॉलेजात होते. ती संध्याकाळ, ती गर्दी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी, माहितीये गं मला सगळं. तुला नाही सांगावं लागणार."

तिने हात सोडवून घेतला, अगदी हळू. मग ती लिफ्टबद्दल बोलायला लागली. पुढच्या गुरुवारी नळाच्या प्रेशरबद्दल. त्याच्या पुढच्या गुरुवारी वॉचमनच्या बायकोबद्दल. आणि वजन आणखी एक किलो उतरलं.

"तू तिला विचारलंस का काही?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"विचारायचं काय, मॅडम? मला ठाऊक आहे ना."

"मग तू शेजारीण आहेस. शेजारणी तिला पुष्कळ होत्या."

त्या गुरुवारी माझा उपास होता. संध्याकाळी महालक्ष्मीचा घट मांडून कहाणी वाचायला बसले आणि अडखळले. मला आमची खोली आठवली. आईला कहाणी तोंडपाठ, पण ऐकणारं कुणीतरी हवं असायचं. एका वर्षी बाबांची गिरणी बंद होती, बायका आपापल्या कामांना लागल्या होत्या, कुणी आलं नाही. इतक्यात कमलमावशी पातेलं परत द्यायला आली. दीड-दोन वर्षांचा सम्यक कडेवर.

"बसतेस का गं ऐकायला?" आईने चाचरत विचारलं.

"आमच्यात नसतं हां हे. मी काय हात जोडायची नाही," मावशी म्हणाली. "पण ऐकते. ऐकायला काय जातंय?"

आईने तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. मावशीने अख्खी कहाणी ऐकली, प्रत्येक वाक्याला हुंकार देत. कहाणी संपली तरी आई थांबली नाही. बाबांचं, घरातल्या रिकाम्या डब्यांचं बोलत राहिली. मावशी तेही तसंच ऐकत राहिली. पोरगं कडेवर झोपून गेलं.

कहाणी सगळ्या चाळीला पाठ होती. पण "माहितीये, पुढचं राहू दे" असं म्हणून कुणी कधी आईला थांबवलं नाही.

पुढच्या वेळी मावशी वॉचमनवर सुरू व्हायच्या आत मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मला काहीच माहीत नाही. सम्यकचं पहिल्यापासून सांग."

"तुला ठाऊकाय की."

"नाही. सांग."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग सांगू लागली. त्याच्या जन्माच्या दिवशी बस बंद होत्या, तिथून. त्याला उलटा शर्ट घालायची खोड. पतंगाचा मांजा उशीखाली. मी हुंकार देत होते. हॉस्पिटलपाशी आली, तिथेही ती थांबली नाही.

"चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाय. नव्या जागेत कुणालाच ठाऊक नाय. सोसायटीचा पोरगा आला कागद घेऊन. म्हणाला, आजी, मुलं किती? मी म्हटलं, एक. माझ्या तोंडानं. कोण सांगत बसणार, म्हणून. सीमे, मी माझ्या पोराला मोजलंच नाय गं."

मग ती रडली. मी बसून राहिले.

जाताना तिने विचारलं, "तो कागद बदलता येतो का?"

"विचारून बघ," मी म्हणाले.

दोन दिवसांनी प्रितीचा फोन आला. हसत होती की रडत होती, कळेना. "ताई, आई सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसली. तो म्हणतो, आजी, गेलेल्या माणसांसाठी रकाना नाही. ही म्हणते, मग आख. घे फूटपट्टी."

"मग?"

"आखला त्याने. नाव लिहिलं. वर हिने त्याला त्या मांज्याची गोष्ट सांगितली, बिचाऱ्याचं जेवण राहिलं. घरी आली नि वरणभात दे म्हणाली."

"गेला?"

"अर्धाच गेला. पण ताई, मागितला तिने."