पालथा हात

शिकायला वय नसतं म्हणतात. नसेल बाप्पा! नाहीतर बेचाळीस वर्षांची कामिनी, बुटीबोरीच्या 'सोनतारा मसाले'ची ऑपरेशन्स हेड, जिच्या एका नजरेनं कारखान्यातली शिफ्ट चळाचळा कापायची, ती दर शनिवारी धरमपेठेत बसून डाव्या हातानं अक्षरं कशाला गिरवली असती?

कारण होतं. मालक दत्तोपंत चौऱ्याहत्तरचे झाले होते आणि एक एप्रिलला खुर्ची सोडणार होते. त्यांच्या जागी सीईओ होणार ती कामिनी, नाहीतर विक्री सांभाळणारा सुशील. "शिकत राहतो तोच पुढे जातो," असं म्हणून दत्तोपंतांनी दोघांनाही एकाच लीडरशिपच्या कोर्सला धाडलं. सहा शनिवार, साड्यांच्या दुकानावरचा हॉल, एसी असा की फेब्रुवारीतसुद्धा दात वाजावेत.

कामिनीला ती खुर्ची हवी होती. उगाच नाही-नाही कशाला म्हणा! एकदा त्या खुर्चीत तिला आपल्या आईला बसवायचं होतं. वच्छलाबाईनं भिवापूरच्या सातऱ्यावर मिरच्या खुडून पोरगी इंजिनिअर केली होती. सातरा म्हणजे उघड्या रानातली मिरचीची पेठच. लालभडक ढीग पडलेले, भोवती बाया बसलेल्या, दिवसभर एकेका मिरचीचा देठ खुडायचा. तो सातरा सोनताराच्याच मालकीचा, कारखान्याची सगळी मिरची तिथूनच येई. सहासष्ट वर्षांची झाली तरी वच्छलाबाई जातच होती. "घरी बसून काय भिंतीशी बोलू?" म्हणायची.

त्या बायांचे तळहात कायम पेटलेले. म्हणून सातऱ्यावरच्या कुठल्याही आईनं लेकराच्या तोंडावरून कधी तळहात फिरवला नाही. गाल कुरवाळायचा तो पालथ्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं. कामिनी पालथ्या हाताखालीच वाढली. सुशीलही तसाच, त्याची माय त्याच सातऱ्यावरची. रोज दुपारी एकच्या ठोक्याला तो तिला फोन लावायचा, "माय, जेवली का वं?" सगळं ऑफिस त्याची टिंगल करायचं, पण गड्यानं एक दिवस चुकवला नाही.

कोर्स घेणारे सुमंत सर मृदू बोलायचे, डावा हात सतत पँटच्या खिशात. पहिल्याच शनिवारी त्यांनी प्रत्येकाला एक कोरी वही दिली. "डाव्या पानावर उजव्या हातानं प्रश्न लिहा. उजव्या पानावर उत्तर, ते मात्र डाव्या हातानं. उत्तर तुम्ही देणार नाही. पाच वर्षांनंतरचे तुम्ही देणार आहात."

"हे काय पोरखेळ करून राहिले, ताई?" सुशील कानाशी कुजबुजला. कामिनीला हसू आवरेना. पहिलं उत्तर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेले. दुसऱ्या शनिवारी मात्र अक्षर लागलं. तिसऱ्या शनिवारी डाव्या हातानं लिहिलं, 'दोन नंबरच्या चक्कीचं बेअरिंग बदल.' कामिनीनं गंमत म्हणून मेकॅनिकला खोलायला सांगितलं, तर तो घाम पुसत आला. "मॅडम, आणखी दोन दिवस चालली असती तर फुटली असती. तुमाले कसं समजलं?"

कसं समजलं ते तिलाही समजलं नव्हतं. पण यश मिळत असलं की माणूस कशाला खोलात शिरतो? वहीनं सांगितलं, 'दत्तोपंतांना आकडे नको, त्यांच्या वडिलांच्या पहिल्या चक्कीचा फोटो दाखव.' तिनं दाखवला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षर दर आठवड्याला सुधारत होतं. बारीक, सरळ, एका रेषेत, तिच्या उजव्या हातालाही कधी जमलं नाही इतकं देखणं.

पाचव्या शनिवारी तिनं विचारलं, 'सोमवारी दत्तोपंतांसमोर काय मांडू?'

डावा हात क्षणभरही थांबला नाही. 'सातरा बंद कर. देठ काढायचं यंत्र आण. खुर्ची तुझी.'

कामिनीनं घाईघाईत लिहिलं, 'मग माय?'

'कोण माय?'

एसीच्या गारठ्यातही तिच्या मानेवर घाम फुटला. पाच वर्षांत आपण आईला विसरू? शक्य तरी आहे का? तिनं परीक्षाच घ्यायची ठरवली. 'माय माझ्या गालावरून हात कसा फिरवते?'

'तळहाताने. सगळ्याच आया फिरवतात.'

तिनं पेन टाकून दिलं. ती उठून थेट सुमंत सरांपुढे उभी राहिली. "सर, हे जे कोणी लिहितंय ना, ती मी नाही."

सर हसले. "बरोबर आहे. तुम्ही ती अजून झालेल्या नाहीत."

त्यांनी 'अजून' हा शब्द अशा मायेनं उच्चारला की कामिनी वही पिशवीत कोंबून तडक दाराकडे निघाली. जिन्यावरून उतरताना तिनं मागे वळून पाहिलं. सुशील मान खाली घालून लिहीत होता, डाव्या हातानं, भराभर. आता त्याला पोरखेळ वाटत नव्हता.

रविवारी सकाळी तिनं उमरेडवरून भिवापूरला जाणारी एसटी पकडली आणि थेट सातऱ्यावर गेली. वच्छलाबाईनं ढिगाशी तिला जागा करून दिली. "आली का वं! बस. पाहू दे, सायबीणबाईले अजून खुडता येते का."

कामिनी दोन्ही हातांनी खुडू लागली. अर्ध्या तासात उजवा तळहात पेटला, लहानपणी पेटायचा तसाच. डाव्याला काही झालं नाही. तिनं मुद्दाम डाव्या मुठीत मिरच्या चुरडल्या, बिया तळव्यावर घासल्या. थंडगार. जणू हात दुसऱ्याचा आहे आणि नुसता तिच्या खांद्याला अडकवला आहे.

"अशी काहून पाहून राहिली वं? बरं नाही का?" आईनं तोंड जवळ आणलं.

तेव्हा तो डावा हात उठला. कामिनीनं उचलला नव्हता, शपथेवर सांगते असं ती पुढे म्हणाली, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. मिरचीनं माखलेला तळवा आईच्या कपाळावरून खाली उतरला, डोळ्यांवरून, गालांवरून, सावकाश, लाडानं. तळहातानं. सगळे फिरवतात तसा.

वच्छलाबाई किंचाळली. बाया पाण्याच्या कळशा घेऊन धावल्या. घरी आणून ताकाच्या घड्या ठेवल्या तेव्हा कुठे म्हातारीचा श्वास खाली बसला. कामिनी कोपऱ्यात ढसाढसा रडत होती. सातऱ्यावर जन्मलेलं दोन वर्षांचं पोरही हे करणार नाही, आणि तिनं केलं होतं.

"इकडं ये," मिटल्या डोळ्यांनीच आई म्हणाली. तिनं चाचपत आधी उजवा हात धरला. "हा माह्या पोरीचा." मग डावा धरला, आणि तिची बोटं थबकली. "हा कोणाचा होय वं?"

कामिनीनं सगळं सांगितलं, वही, सर, उत्तरं. मग आई भिंत धरत उठली आणि तिनं मूठभर मीठ-मिरच्या घेऊन त्या डाव्या हातावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या. कोणाला साधा ठसका लागला नाही. शेजारची यमुताई दारात उभी होती, ती तोंडावर पदर घेऊन मागे सरकली. मिरची जळून ठसका लागत नाही तेव्हा नजर भारी असते, हे काय तिथं कोणाला सांगायला पाहिजे?

आईनं दुसऱ्यांदा ओवाळलं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. काही नाही. पाचव्या वेळी म्हणाली, "ते वही बी टाक." कामिनीनं पिशवीतून वही काढली. डाव्या हाताची बोटं पुठ्ठ्याला अशी चिकटली की उजव्या हातानं एकेक सोडवावं लागलं. वही चुलीत पडली आणि असा ठसका उठला म्हणता! घरातली, दारातली, गल्लीतली माणसं खोकून बेजार झाली. आणि कामिनीचा डावा तळवा आगीसारखा पेटला. इतका जळला की ती नाचली, आणि जळतंय म्हणून आनंदानं रडली.

सोमवारी दत्तोपंतांसमोर तिनं उभं राहून सांगितलं, "सातरा चालू राहील. तिथल्या बायांचे हात आहेत म्हणून आपल्या मसाल्याला नाव आहे. हे पटत नसेल तर मला ती खुर्ची नको." तिच्यानंतर सुशील आत गेला. पाऊण तासानं बाहेर आला तेव्हा हसत होता.

एक एप्रिलला खुर्ची सुशीलची झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण आपला सुशीलभाऊ तरी आहे, सातऱ्यावरचाच पोरगा, असं मनाला समजावत ती दुपारी अभिनंदनाला गेली.

तो कागदांवर सह्या करत होता. डाव्या हातानं.

"सुशीलभाऊ, तुम्ही डावखुरे कधीपासून झाले?"

"माणसानं शिकत राहावं, कामिनीताई," तो मृदू आवाजात म्हणाला आणि वरचा कागद तिच्याकडे सरकवला. सातरा बंद करण्याचा हुकूम होता. समासात त्यानं हातानं एक ओळ लिहिली होती. अक्षर बारीक, सरळ, एका रेषेत. ते अक्षर कामिनीनं स्वतःच्या हातानं चुलीत घातलं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आज त्यानं लावला नाही म्हणून तिकडून आला होता. पडद्यावर नाव होतं, 'माय'.

सुशीलनं त्या नावाकडे पाहिलं. कपाळावर आठीसुद्धा नाही. "राँग नंबर असेल," म्हणाला, आणि पुढच्या कागदाकडे वळला.

फोन वाजतच राहिला. शेवटी कामिनीनंच उचलला.

"सुशील? जेवला का रे बाबू? आज फोन काहून नाही केला?"

"मी कामिनी बोलते, मावशी."

"हो का वं! सुशील कुठी हाय?"

समोर, हाताच्या अंतरावर, तो बसला होता. पेनचा कुरकुर आवाज येत होता. कामिनीचा डावा तळवा अजून थोडा जळत होता. तिनं मूठ घट्ट आवळली.

"इथं नाही वं, मावशी," ती म्हणाली.