लंगडी शिवण

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुमच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. तरी ऐका.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायानं चालवायची. धारूरच्या बाजारामागच्या गल्लीत, आमिनाबीच्या ओसरीवर माझा मुक्काम. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमिनाबीचा पाय पायडलवर हलतो तेवढा वेळच मला बोलता येतं. तिनं पाय उचलला की माझं तोंड बंद. सध्या ती रजईची खोळ शिवते आहे आणि खोळ चांगली लांबलचक आहे, तेव्हा काळजी नको.

आमिनाबी नवरी होऊन आली तेव्हा तिनं माहेराहून दागिना मागितला नाही, मला मागितलं. मी एस.टी.च्या टपावर बसून धारूरचा घाट चढले. अर्ध्या घाटात एस.टी. दमली, तेव्हा मीच माझं चाक गरगर फिरवून तिला वर ओढली. कंडक्टरनं हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

तरुणपणी आम्हा दोघींचा वेग काय सांगू! एकदा किल्ल्यावरचा वारा खिडकीतून आत घुसला, तर आम्ही त्यालाच दोन टाके घातले. अजूनही तो गल्लीतून जाताना फाटक्या बाहीसारखा फडफडतो. एकदा सुई तुटून उडाली ती समोरच्या चिंचेत जाऊन रुतली. त्या झाडाच्या चिंचांना तेव्हापासून नेढं असतं. पाहिजे तर दोरा घेऊन जा आणि ओवून बघा.

पण आमचं खरं नाव झालं ते ऊसतोडीच्या शर्टांमुळं. दसरा झाला की आपल्याकडच्या टोळ्या कारखान्याकडं निघतात. उसाचं पान पात्यासारखं धारदार, म्हणून बायाही साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. आमिनाबीच्या शर्टाची बाही चार बोटं जास्त लांब, कोपरापर्यंत दुहेरी, आणि मोळी उचलायची म्हणून खांद्यालाही कापडाचा आणखी एक थर. आमिनाबी जमिनीवर फतकल मारून बसायची, नुसत्या नजरेनं माप घ्यायची आणि कात्री चालवायची. टेप तिच्या गळ्यात असे, तो शोभेला. सिरसाळ्याच्या सावित्रीबाईची टोळी दरवर्षी तिच्याकडूनच शर्ट नेई. चाळीस वर्षांत एकाही बाहीची शिवण उसवून परत आली नाही. ही मात्र थाप नाही.

मग वय झालं. आधी माझं. माझं पायडल चाकाला जोडणारा जो दांडा आहे, त्याचा सांधा झिजला आणि मी कुंथायला लागले. आमिनाबी रोज तेल घाली. शेवटी मुस्तकीम मिस्त्री आला. तो म्हणाला, "खाला, आता तेलानं भागायचं न्हाई. सांधा बदलावा लागंल." मला वाटलं, नवा सांधा बसला की मी मी राहायची नाही, कुणी परकीच बाई होईन. तसं काही झालं नाही. मी तीच राहिले, फक्त कुंथणं गेलं.

त्यानंतर आमिनाबीचा उजवा गुडघा गेला. तिनंही तेलच लावलं. निर्गुडीचा पाला बांधला, गरम विटेनं शेकलं. तिचा मुलगा जमील तिला बीडला घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की गुडघ्यातली गादी संपली आहे, हाडावर हाड घासतंय. सांधा बदला. फार उशीर केला तर पाय वाकडाच राहील.

आमिनाबी म्हणाली, रमजान झाल्यावर बघू. रमजान झाला, तर उन्हाळ्यात जखम पिकते म्हणाली. पावसाळ्यात पाय घसरतो, आणि दसऱ्याच्या आधी तर शर्ट. असं तीन वर्षं चाललं. तिची खरी भीती मला ठाऊक होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नंतर जमिनीवर मांडी घालता येणार नाही. मांडी नाही तर कापड बेतणं कसं, आणि बेतणं नाही तर आमिनाबी कोण? जमीलला ती म्हणे, दुखत नाही. मी मात्र तिच्या पायाखाली होते. पाच-सहा टाक्यांनी तो पाय थबके, पुन्हा हिंमत करी, पुन्हा थबके. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या दसऱ्याला सावित्रीबाई शर्ट न्यायला आली. अकरा शर्ट. पहिलाच उचलून तिनं खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि परत फिरवला.

"आमिनाबी," ती हळूच म्हणाली, "ही शिवण लंगडती हाय."

आमिनाबीनं शर्ट हातात घेतला. जिथं जिथं पाय थबकला होता, तिथं तिथं टाके एकमेकांवर चढून गाठ झाली होती. सगळं दुखणं तिथं उमटलं होतं आणि तिच्या एकटीच्याच नजरेतून सुटलं होतं. तिनं कात्री उचलली. मग म्हणाली, हे देणार नाही, उसवून पुन्हा शिवते.

सावित्रीबाईनं शर्ट काढून घेतला. "गाठ खांद्याला रुतंल, रुतू द्या. आमी हेच घालून जातो. पर पुढच्या साली मला सरळ शिवण पायजे. आता काय ते तुमी ठरवा."

मित्रांनो, आता ऐका माझा पराक्रम. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बस झालं. मी हट्ट धरला आणि बंद पडले. चाक हलेना की सुई हलेना. जमीलनं मुस्तकीमला बोलावलं. तो वाकला, माझ्या खाली बघितलं, मग आमिनाबीकडं बघितलं, आणि हत्यारांची पेटी न उघडताच चहा पिऊन निघून गेला. माझ्यापुढं हात टेकले बिचाऱ्यानं. शेवटी काम नाही म्हटल्यावर आमिनाबी करणार काय? चौथ्या दिवशी पिशवी भरून दवाखान्यात गेली.

परत आली ती वॉकर धरून. व्यायाम करताना ओठ दाताखाली दाबायची, पण एक दिवस चुकवला नाही. जमीलनं जुन्या दाराच्या फळीचं उंच टेबल करून दिलं. पहिल्यांदा उभ्यानं बेतताना तिनं टेबलाला चार शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी त्यावर चादर अंथरून ते आपलं केलं. नमाज आता खुर्चीवर बसून होते. दीड महिन्यानं तिनं माझ्यावर पाय ठेवला. पाच टाके, दहा, पन्नास. पाय कुठंच थबकला नाही. हातभर शिवण काढून तिनं अंगठा फिरवला आणि हसली.

तेव्हा मित्रांनो, सांधे माझे असोत नाही तर तुमच्या आजीचे, दुखणं झाकून ठेवू नका. वेळेवर दाखवा. आणि घरातल्या जुन्या मशीनला मान द्या, कारण तीन वर्षं जे मुलाला जमलं नाही, डॉक्टरांना जमलं नाही, ते मी एकटीनं हट्टानं...

"खोटं बोलू नगंस, बये. तू कुठली बंद पडतीस? तुझ्या चाकाचा पट्टा मीच काढून ठेवलता. पुन्हा मन फिरू न्हाई म्हणून दवाखान्यात बी संगं नेलता, उशाखाली."