बॅटरीत विहिरीचं पाणी

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या सदूइतका फुशारकी मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं त्याने बॉयलर सांभाळला, आणि निवृत्त होऊन आला तो कारखाना स्वतःच उभारल्यासारखा. जाळाशिवाय ताकद नाही, हे त्याचं एकुलतं एक शास्त्र. कुणी विचारो न विचारो, ते तो ऐकवायचाच.

त्याची सून प्रियदर्शिनी आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकलेली. नवरा किशोर मुंबईला नोकरीत. पावसाळ्यात खांब पडला की आमच्याकडे चार-चार दिवस वीज नसते, म्हणून तिने पत्र्यावर सोलरची दोन पॅनेलं चढवली आणि महाडहून इन्व्हर्टरच्या दोन वापरलेल्या बॅटऱ्या आणल्या. दुकानात उभं राहून प्रत्येक कप्प्यातलं ॲसिड मापलं, एक बॅटरी नापास केली आणि दुकानदाराला बदलून द्यायला लावली. सदू मात्र ओट्यावर बसून टिंगल करत राहिला. लोणच्याच्या बरण्या, म्हणायचा. त्याच बरण्यांवर चार दिवे आणि एक पंखा चालू लागला, तेव्हा पंखा त्याने आपल्या खाटेवर लावून घेतला. लाज म्हणून नाही.

फेब्रुवारीत ती बाळंतपणाला माहेरी कापड्याला गेली. जाताना बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन सासऱ्याच्या हातात दिला, कप्प्यांची झाकणं उघडून दाखवली, महिन्यातून एकदा खुणेपर्यंतच भरा, म्हणून दोनदा सांगितलं. सदूने मान हलवली. बायकांनी शिकवलेलं ऐकताना तो नेहमी तशीच मान हलवतो.

जुलैत ती तान्ह्या मुलीला घेऊन परतली. तिसऱ्याच दिवशी वादळात खालचे दोन खांब आडवे झाले. संध्याकाळी फोन चार्ज करायला शेजारच्या गीताबाई आल्या, वाडीतला जानू आला, आणखी चौघं आले. अर्ध्या तासात दिवे मंद झाले आणि विझले. सदूला तर आनंदच झाला. हे असलं टिकत नाय हे आपण आधीच सांगितलं होतं, असं त्याने सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

मूल गीताबाईंकडे देऊन प्रियदर्शिनीने विजेरीच्या उजेडात झाकणं उघडली. कप्पे काठोकाठ भरलेले, आतलं पाणी तांबूस. सासऱ्याच्या खाटेखाली हात घालून तिने कॅन बाहेर ओढला. कॅनचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"बाबा, यात कुठलं पाणी घातलंत?"

"विहिरीचं. पाणी ते पाणी. ते काय औषध हाय?"

"बॉयलरला घातलं असतंत विहिरीचं पाणी?"

सदूच्या कारखान्यात जानूही कामाला होता. बॉयलरचं पाणी आधी शुद्ध करून घ्यावं लागतं आणि त्यात कुणी हयगय केली की सदूच आरडाओरडा करायचा, हे जानूने तिथेच सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," प्रियदर्शिनी शांतपणे म्हणाली. "साहेबांच्या यंत्राला चांगलं पाणी, सुनेच्या यंत्राला काहीही. अडाणी असतात ना, त्यांना मी शिकवलं असतं. तुम्हाला काय शिकवू?"

सदू उठून आत गेला. त्या माणसाची मला जराही कीव आली नाही.

किशोरला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हाताऱ्याला काय बोलणार, सांभाळून घे. तेव्हापासून तिने त्यालाही काही सांगणं सोडलं. पोलादपूरला सोलर बसवणाऱ्या एका दुकानात तिने काम धरलं. बाळाला गीताबाई सांभाळतात. दिवाळीआधी तिने नव्या बॅटऱ्या आणून गीताबाईंच्या घरात बसवल्या आणि पॅनेलंही उतरवून त्यांच्याच पत्र्यावर चढवली. पाणी कसं घालायचं ते गीताबाईंना एकदाच दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण पाण्याची खूण कधी चुकत नाही.

दिवाळीला किशोर आला आणि बॅटऱ्या घरी आण म्हणून मागे लागला. तिने विचारलं, त्यात पाणी कोण घालणार? त्याने बापाकडे पाहिलं. बाप अंगणात कुणाला तरी बॉयलरच्या गोष्टी सांगत होता. किशोर चौथ्या दिवशी मुंबईला गेला. बॅटऱ्या गीताबाईंकडेच राहिल्या.