वरून प्यायचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीच्या झाकणाचा. दिग्रसच्या नीळकंठरावांच्या घरी माझं आयुष्य गेलं. एसटीने पुसदला जाताना माझ्यातलं पाणी सहा-सात जण पीत, पण कुणी ओठ लावत नसे. मान वर करायची, धार तोंडात सोडायची. एकाचा आजार दुसऱ्याला न देण्याचं ते साधं शास्त्र होतं.

पुढे स्टीलच्या बाटल्या आल्या आणि मी कित्येक वर्षं कोरडा राहिलो. यंदा नीळकंठराव, त्यांच्या पत्नी कुंदाताई आणि नऊ वर्षांची नात आभा बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीवर निघाले. कुंदाताईंनी मला घासूनपुसून सोबत घेतलं. किती आनंद झाला मला!

पण डोलत्या बोटीवर धार सरळ पडत नाही. पाणी नाकात जाई, गळ्यावर सांडे. दुसऱ्या दिवशी सकाळी नीळकंठरावांनी वैतागून मला तोंडच लावलं. दुपारी त्यांना उलट्या होऊ लागल्या.

"बोट लागली, बाकी काई नाई," ते म्हणाले.

"जनमभर एसटीत उलटी नाई केली, अन् इथं नखरे?" कुंदाताई म्हणाल्या. "संडासच्या किती खेपा झाल्या, ते सांगा."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बोटीवरच्या डॉक्टरांना कळलं तर खोलीतच बसवतील, आणि उद्या बेटावर आभाला प्रवाळ दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

तेवढ्यात आभा धावत आली. "आबा, मले तहान लागली!" तिने मला उचलून थेट ओठांकडे नेलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही.

"नको पिऊ!" नीळकंठरावांनी मला हिसकावलं. "माझं तोंड लागलं त्याले. कुंदा, सकाळपासून सहा खेपा झाल्या. डॉक्टरले बोलाव."

डॉक्टरीणबाईंनी क्षार-साखरेचं पाणी दिलं. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस खोलीबाहेर पडायचं नाही, म्हणाल्या. कुंदाताई आणि आभा दुसऱ्या खोलीत गेल्या. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, साबणाने हात धुवा, असंही त्यांना बजावलं.

बेट आलं. होडीतून आभाने हात हलवला, पण ती भलत्याच खिडकीकडे पाहत होती. नीळकंठराव तरीही हात हलवत राहिले. खोलीत आम्ही दोघंच होतो.

संध्याकाळी दाराबाहेरून आवाज आला. "आबा, निळा मासा पाह्यला! तुमच्या हाताएवढा!" दाराला कान लावून ते हसले. आभा प्रवास संपेपर्यंत ठणठणीत राहिली.

मित्रांनो, प्रवासात प्रत्येकाचा पेला वेगळा ठेवा. पोट बिघडलं तर लपवू नका. आणि कुणी असं बंद खोलीत असेल, तर दाराबाहेर थांबून त्याच्याशी दोन शब्द बोला.