जागचे न हललेले तेल

मित्रांनो, मी पामतेलाचे एक जुने लोखंडी पिंप आहे. क्लांग बंदराजवळच्या कारखान्यात माझा पत्रा वाकवला, सांधे जोडले आणि सोनेरी तेल भरून झाकण आवळले. मला वाटले, आता कुणाच्या तरी कढईत माझे तेल जाईल, मुले बोटे चाटतील. कसचे काय! मला एका गोदामात उभे केले, आणि उमेदीची सगळी वर्षे मी तिथेच काढली.

काम मात्र म्हणे मोठ्या मानाचे. धर्मात व्याज हराम, म्हणून इस्लामी बँक पैसे उसने देत नाही. ती माल घेते आणि नफा लावून गिऱ्हाइकाला उधारीवर विकते. गिऱ्हाईक तोच माल बँकेच्याच हातून लगेच रोखीने विकते आणि पैसे घेऊन घरी जाते. तो माल म्हणजे मी. सकाळी कुणा नवरदेवाचे, दुपारी कुणा मोटारवाल्याचे. पण एकही मालक मला पाहायला आला नाही. माझ्यावरची धूळ तेवढी इमानाने येत राहिली.

पुढे अशा बँकांसाठी देशोदेशीच्या विद्वानांनी नियम केले. माल खरा हवा, आणि घेणाऱ्याला तो उचलून नेता आला पाहिजे. हे नियम आपल्या देशाच्या बँकांना बेतून द्यायला बँकेचे धर्मसल्लागार उस्ताझ हिल्मी बसले. त्यांनी बेतले ते असे: घेणाऱ्याला माल नेता येईल, पण तो नेणार नाही असे समजावे. सदरा शिवून बाह्यांची तोंडे बंद करावीत, तसला हा प्रकार. त्यावर टाळ्या पडल्या, फोटोही निघाले.

मग रमजान तोंडावर आला. मकचिक झबेदा, म्हणजे साऱ्या गल्लीची झबेदामावशी, रमजानच्या बाजारात तळलेली केळी विकायची. त्या एका महिन्यावर तिचे वर्ष निघे. यंदा तेल महागले आणि तिच्या गाठीला काही नव्हते. ती बँकेत गेली. फौझान नावाच्या अधिकाऱ्याने तिच्या सह्या घेतल्या.

"झालं, मकचिक. तेल तुमचं झालं. आता आम्ही ते विकतो आणि तुम्हाला पैसे देतो."

"आणि त्या पैशांचं मी काय करू, बाळ?"

"तेल घेणार म्हणालात ना?"

"म्हणजे माझं तेल विकून मी तेलच आणू? त्यापेक्षा माझं मला दे की!"

फौझान हसला. मकचिक हसली नाही. ती भाच्याचा टेंपो घेऊन थेट गोदामात आली. मागोमाग फौझान आणि उस्ताझ धापा टाकत आले.

"अहो, असं कुणी नेत नाही!" उस्ताझ म्हणाले.

"नेऊ नये असं नियमात आहे?"

उस्ताझांनी घसा खाकरला. "नियमात... नेता येतं."

"मग धरा की एका बाजूनं!"

झाकण उघडले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मकचिकने नाक धरले.

"खवट आहे हे! उद्या बाजार लागतोय, मी काय तळू यात?"

"पण मकचिक, तेल कसं का असेना," फौझान बोलून गेला, "तेलाला इथं कोण विचारतंय?"

"मग मला विकलंत तरी काय?"

फौझानने उस्ताझांकडे पाहिले. खराब माल विकणाऱ्याने तो बदलून द्यावा, हे उस्ताझच दर शुक्रवारी मशिदीत सांगत. आता सांगणारेही तेच आणि विकणारेही तेच.

"ताजं तेल आण," ते पडेल आवाजात फौझानला म्हणाले. "बँकेच्या पैशानं. आजच."

इस्त्रीच्या शर्टावर तेलाचे डाग पाडत फौझानने डबे वाहिले. बँकेने विकलेले तेल मी पहिल्यांदाच हलताना पाहिले.

माझे खवट तेल साबणवाल्याने नेले. मला मधोमध कापून मकचिकने माझी चूल केली. आता पोटात निखारे आहेत, डोक्यावर कढई आहे, आणि मी एकाच बाईचे आहे. मित्रांनो, जी वस्तू तुमची म्हणाल तिला निदान एकदा हात लावा, कामाला लावा. नुसत्या नावावर ठेवलेली वस्तू आतून नासते, मी नासले.

उपास सोडायच्या वेळेला उस्ताझ हिल्मी टोपी पुढे ओढून रांगेत उभे राहतात. मकचिक झारा हलवत सगळ्यांदेखत विचारते,

"काय उस्ताझ, केळी नेणार, की नेणार नाही असं समजू?"